दुखरा गुडघा आणि परळची शाळा

शाळेत वर्षातून दोन-चार वेळा तरी हा प्रसंग येतो. खो-खोच्या सरावात एखाद्या मुलीचा घोटा मुरगळतो, किंवा आठवीतला एकदम उंच झालेला मुलगा जिना उतरताना गुडघा धरून थांबतो. आपण काय सांगतो? ‘बस खाली. आता आठ दिवस खेळायचं नाही.’ घरी गेल्यावर आजी आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून गरम लेप लावते, वडील कोपऱ्यावरच्या दुकानातून क्रेप बँडेज आणतात आणि दोघेही तेच बजावतात, की पाय हलवायचा नाही. आमच्या लहानपणी गिरगावातल्या चाळीत हा सल्ला इतका सर्वमान्य होता की तो मुळात कुणी, कुणाला आणि कोणत्या आजारासाठी दिला, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

पण हा सल्ला निरुपद्रवी नाही. आठ दिवसांचे महिना होतात, महिन्याने पाय बारीक दिसू लागतो, मैदानात परतल्यावर तोच घोटा पुन्हा मुरगळतो आणि मग घरचे ठरवतात की खेळ पुरे. मुलीच्या बाबतीत हे फार लवकर ठरते. म्हणून या सल्ल्याचा इतिहास पाहायला हवा. त्याची सुरुवात इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरात झाली आणि त्याला उत्तर देणारे शिक्षण आपल्याकडे पहिल्यांदा परळला मिळू लागले.

हाडवैद्याचा मुलगा

सन १८७५ मध्ये ह्यू ओवेन टॉमस या लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी खुबा, गुडघा आणि घोटा या तीन सांध्यांच्या आजारांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. टॉमस यांचे घराणे मूळचे वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचे, आणि धंदा पिढीजात हाडवैद्याचा. वडील इव्हान टॉमस लिव्हरपूलच्या गोदी कामगारांची हाडे बसवत. त्यांच्याकडे पदवी नसल्यामुळे शहरातले डॉक्टर त्यांना कोर्टात खेचत. या कटकटीला कंटाळून त्यांनी पाचही मुलांना वैद्यकाच्या पदव्या घ्यायला लावल्या. ब्रिटनमधल्या अस्थिव्यंगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतले जाते, ते हे टॉमस अशा रीतीने हाडवैद्याचे चिरंजीव होते. आपल्याकडे हाडवैद्य आणि डॉक्टर यांच्यात आजही जी अढी दिसते, तिच्याकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

टॉमस यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या. त्यासाठी त्यांनी लोखंडी पट्ट्यांचे, कातडी गादीचे आधार बनवले. त्यांच्या नावाची पायाची खपाची, म्हणजे टॉमस स्प्लिंट, पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचवायला कारणीभूत ठरली आणि आजही रुग्णवाहिकांतून दिसते.

मग विश्रांतीचा हा नियम चूक होता का? मुळीच नाही. टॉमस यांच्यापुढे येणारे सुजलेले खुबे आणि गुडघे बहुतांशी क्षयाचे होते. सांध्याचा क्षय हा त्या काळी मुलांचा नेहमीचा रोग होता आणि त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. जंतूने पोखरलेला सांधा हलवला तर रोग पसरणार आणि हाड झिजणार. तेव्हा तो महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षभर जखडून ठेवणे आणि शेवटी तो निदान सरळ अवस्थेत आखडावा अशी आशा करणे, यापलीकडे काही हातात नव्हते.

घोटाळा पुढे झाला. नियम रोगापेक्षा मोठा झाला. मुरगळलेला घोटा, धावपटूचा गुडघा, कबड्डीत पिळवटलेला पाय, यांत कुठेही जंतू नसतो. तरी त्यांनाही तीच विश्रांती मिळू लागली. प्लॅस्टरच्या पट्ट्या १८५० नंतर प्रचारात आल्या होत्याच, त्यामुळे सांधा बांधून टाकणे सोपेही झाले. पॅरिसचे शल्यचिकित्सक ल्यूका-शांपिओनिएर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हालचाल आणि मर्दन यांची बाजू जोरात मांडली. पण त्यांचे फारसे कुणी ऐकले नाही. बांधलेला पाय उपचार झाल्यासारखा दिसतो. हलता पाय तसा दिसत नाही.

चौपाटीवरचे दोन खोल्यांचे औदार्य

आता मुंबईकडे येऊ. परळ, लालबाग, काळाचौकी हा गिरण्यांचा भाग. साच्यावर आठ-आठ तास उभे राहायचे, पाळी सुटली की चाळीचे तीन-चार मजले चढायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या लाल मातीवर कबड्डी किंवा व्यायामशाळेत जोर-बैठका. दादरच्या शिवाजी पार्कावर समर्थ व्यायाम मंदिरात १९२५ पासून मल्लखांब शिकवला जात होता. गोपाळकाल्याला थर लागत. इतके पायांवर जगणारे लोक दुखापत झाल्यावर कुठे जात? आधी वस्तादाकडे किंवा हाडवैद्याकडे, आणि मोडतोड मोठी असेल तर १९२६ मध्ये उघडलेल्या केईएम रुग्णालयात. तिथे हाड जुळे, टाके पडत. त्यानंतर पाय पुन्हा कामाला लावण्याचे शास्त्र असे काही आहे, याची जाणीव देशात फारशी कुठेच नव्हती.

ती आणली पोलिओने. हे ऐकायला विचित्र वाटेल. खेळाडूच्या गुडघ्याचा आणि पोलिओचा संबंध काय?

फातिमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुंबईत त्यावर पद्धतशीर उपचार मिळेनात, म्हणून त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या आणि काही महिने तिथे राहिल्या. मुलीकडून रोज करून घेतले जाणारे व्यायाम त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर त्यांना वाटले की हे मुंबईतल्या इतर मुलांनाही मिळाले पाहिजे. पण जागा कुठून आणायची? केईएमचे नामवंत शल्यचिकित्सक डॉ. ए. व्ही. बाळिगा परदेशी निघाले होते. त्यांनी चौपाटीवरच्या आपल्या दवाखान्याच्या खोल्या वापरायला दिल्या. तिथे १९४७ मध्ये, गिरगावच्या शेजारी, पोलिओग्रस्त मुलांचे उपचार केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

१९४९ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. पोलिओचा अभ्यास करणारे केंद्र त्याच वर्षी सुरू झाले. पुढे ते परळला हाफकिन संस्थेच्या आवारात एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र म्हणून ओळखले गेले. पाय लुळे पडलेली मुले मोठ्या संख्येने दिसू लागली तशी एक अडचण स्पष्ट झाली. डॉक्टर होते, परिचारिका होत्या. परंतु स्नायूंना पुन्हा काम शिकवणारी माणसे नव्हती. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केईएम रुग्णालयात १९५२-५३ मध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. देशातली ही पहिली शाळा. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीला भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. चौपाटी, परळ आणि हाजी अली, एवढ्या लहानशा त्रिकोणात आठ वर्षांत हे सारे घडले.

केईएम ज्या रस्त्यावर आहे त्याला आज आचार्य दोंदे यांचे नाव आहे. परळमध्ये शिक्षणाचे काम केलेल्या एका शिक्षकाच्या नावाच्या रस्त्यावर ही शाळा असावी, हा योगायोग आम्हाला आवडतो.

पोलिओने काय शिकवले

पोलिओचा विषाणू सांध्याला हात लावत नाही. तो मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारतो आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले स्नायू लुळे पडतात. हाडे, कूर्चा, अस्थिबंध सगळे जागच्या जागी. तरी मूल उभे राहू शकत नाही. गुडघा मध्येच दुमडतो, खुबा एका बाजूला लचकतो, पाऊल लोंबते. निसर्गाने केलेला हा एक क्रूर प्रयोगच म्हणायचा. सांधा टिकून राहतो तो स्नायूंच्या जोरावर, ही गोष्ट त्यातून जितकी उघड झाली तितकी शवविच्छेदनाच्या टेबलावर कधी झाली नसती.

या मुलांची प्रगती मोजायची कशी? बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोवेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१० च्या दशकात एक साधी युक्ती बसवली होती. पुढे तिला शून्य ते पाच असे गुण मिळाले. स्नायू अजिबात आकुंचन पावत नसेल तर ०. नुसती थरथर जाणवली तर १. गुरुत्वाकर्षण बाजूला काढल्यावर, म्हणजे पाय आडवा टेकवून सरकवता आला तर २. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय उचलता आला तर ३. थोडा विरोध करूनही उचलला तर ४ आणि पूर्ण विरोध पेलला तर ५. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण हेच इथे मोजमापाचे एकक! यंत्र लागत नाही, खर्च नाही. परळच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा शिकावीच लागते, आणि आज क्रिकेटपटूचा गुडघा तपासतानाही तीच वापरतात.

त्याच काळात विश्रांतीच्या नियमालाही पहिला मोठा धक्का बसला. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय तेव्हा महिनोन्‌महिने खपाच्यांत बांधून ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या परिचारिकेने त्या खपाच्या काढल्या, स्नायूंना गरम लोकरी कापडाने शेक दिला आणि लगेच हालचाल सुरू केली. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे त्यांच्या पद्धतीचा बराच प्रसार झाला. मौज अशी, की पोलिओ कशामुळे होतो याबद्दलची केनीबाईंची उपपत्ती साफ चुकीची होती. उपचार मात्र मुलांच्या उपयोगी पडला. विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण जरूर सांगावे. उपचार लागू पडला म्हणजे त्यामागचे कारण बरोबर ठरले असे होत नाही, आणि याच न्यायाने आजीचा लेप शेकाने बरा वाटला म्हणून रक्त्याबोळात काही गूढ शक्ती आहे असेही सिद्ध होत नाही.

लोखंडी बूट

दुसरा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेले सैनिक खाटांवर पडून होते. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, तरी मांडी काठीसारखी बारीक झालेली आणि गुडघा भार घेईना. तिथले तरुण डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांना लहानपणी संधिवाती ताप येऊन बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले होते आणि नंतर त्यांनी वजने उचलून अंगात ताकद आणली होती. त्यांनी सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधला, त्यात वजने घातली आणि गुडघा सरळ करायला सांगितले. तोवरचा रिवाज हलक्या वजनाने शेकडो वेळा पाय हलवण्याचा होता. डीलॉर्मनी तो उलटा केला : वजन जास्त, वेळा कमी. १९४५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये त्यांनी आणि वॉटकिन्स यांनी मांडलेली पद्धत अशी : जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन शोधा. त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊणपटीने दहा वेळा, मग पूर्ण वजनाने दहा वेळा. दर आठवड्याला नवे वजन शोधा. आज व्यायामशाळेत ‘दहाचे तीन सेट’ म्हणतात, त्याचा उगम असा एका रुग्णालयात आहे.

पण गुडघा दुखावला की मांडी इतक्या झटकन का सुकते? आळस हे त्याचे कारण नव्हे. १९६५ मध्ये काही संशोधकांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात निर्जंतुक द्रव सोडून पाहिला. वेदना नसतानाही मांडीच्या पुढच्या स्नायूचे आकुंचन कमी झाले! सांध्याचे आवरण ताणले गेले की तिथून मज्जारज्जूला संदेश जातो आणि स्नायूला जाणारी आज्ञा अर्ध्या वाटेत दबली जाते. म्हणजे सुजलेल्या गुडघ्याचा मुलगा ‘पाय उचलत नाही’ तेव्हा तो ढोंग करत नसतो. सूज उतरवणे आणि स्नायूला पुन्हा जागे करणे ही कामे सोबतच करावी लागतात. त्यासाठी पहिल्या दिवशी एवढे पुरते : पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा.

खुब्याचा सीसॉ

खुब्याचे गणित वर्गात फळ्यावर मांडता येते. एका पायावर उभे राहा. आता खुबा हा टेकू झाला. एका बाजूला शरीराचे वजन, दुसऱ्या बाजूला कुल्ल्याच्या कडेचा स्नायू. सोयीसाठी पूर्णांक धरू. माणसाचे वजन ६० किलो. टेकलेला पाय साधारण १० किलोचा, तो वजा केला तर ५० किलो उरले. त्याचा भार खुब्यापासून १० सेंटिमीटरवर पडतो. स्नायू मात्र खुब्यापासून फक्त ५ सेंटिमीटरवर ओढतो. तोल राहायचा तर स्नायूला १०० किलोंची ओढ द्यावी लागेल. टेकूवर दोन्ही मिळून १५० किलो! नुसते उभे राहण्याची ही किंमत. चालताना, धावताना ती आणखी वाढते.

आता उलट्या बाजूच्या हातात काठी द्या. काठीवर ५ किलोंचा रेटा दिला आणि काठी खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर असली, तर तोलातले २०० कमी झाले. ५०० पैकी ३०० उरले, स्नायूला ६० किलोंची ओढ पुरे. वरचा भारही ४५ किलोंवर आला. एकूण १०५. पाच किलोंच्या रेट्याने सांध्यावरचे ४५ किलो उतरले. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरा असे का सांगतात, ते मुलांना यातून कळते. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

हा कडेचा स्नायू दुबळा असला की एका पायावर उभे राहताना कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये ही खूण सांगितली. धावणाऱ्या किंवा उडी मारून उतरणाऱ्या मुलामुलींत तिचे आणखी एक रूप दिसते : गुडघा आत वळतो. वाटीभोवती दुखणाऱ्या गुडघ्यावर आता खुब्याचे व्यायामही देतात ते यामुळे. दुखते एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

घोट्याची आठवण

मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो? अस्थिबंध सैल पडला म्हणून, असे पूर्वी म्हणत. लंडनचे शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी १९६५ मध्ये वेगळे उत्तर दिले. अस्थिबंधात सांधा कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी चेताटोके असतात. बंध फाटला की तीही तुटतात, आणि पाऊल वाकडे पडतेय ही बातमी उशिरा पोचते. फ्रीमननी रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर एका पायाने उभे राहण्याचा सराव दिला. ज्यांनी तो केला त्यांच्यात घोटा दगा देण्याची तक्रार बरीच कमी राहिली. घोट्याच्या पुनर्वसनात तोलाचे व्यायाम तेव्हापासून आले ते कायमचे.

डुगडुगती फळी नसली तरी चालते. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा, मग डोळे मिटा. चांगला पाय आणि दुखावलेला पाय यांतला फरक मुलांना स्वतःच जाणवतो. मल्लखांबाचे, लंगडीचे खेळाडू यात सहसा वरचढ ठरतात.

बर्फाबद्दल दोन शब्द. १९७८ मध्ये अमेरिकेचे डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली आणि ती जगभर, आपल्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांतही, पसरली. पुढे २०१४ च्या सुमारास खुद्द मर्किननीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याला मदत होण्याऐवजी उशीर होत असावा. वेदना कमी करायला पहिल्या दिवशी थोडा बर्फ लावला तर बिघडत नाही. पण बर्फ म्हणजे उपचार नव्हे.

जमिनीवर बसणारा देश

पाश्चात्त्य पुस्तके वाचून इथे उपचार करताना एक पेच येतो. खुर्चीवर बसणाऱ्या, जिने चढणाऱ्या माणसाला गुडघा शंभर अंशांच्या आसपास वाकला की पुरते. चाळीतल्या सार्वजनिक संडासात उकिडवे बसणाऱ्याला, पंगतीला मांडी घालणाऱ्याला ते कसे पुरेल? त्याला एकशेतीस अंश आणि त्याहूनही जास्त हवेत, आणि घोटाही पुरेसा दुमडायला हवा. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी उकिडवे बसता येईल असे कृत्रिम पाऊल बनवले, ते याच गरजेतून. पुनर्वसन कशासाठी, हे त्या माणसाच्या घराची फरशी ठरवते.

याच संदर्भात बैठकांची गोष्ट. १९६१ मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असे सांगितले आणि अमेरिकेतल्या व्यायामवर्गांतून पूर्ण बैठका हद्दपार झाल्या. नंतरच्या तपासण्यांत त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. लालबागच्या तालमींना क्लाइनसाहेबांचा पत्ता नव्हता. तिथे बैठका चालूच राहिल्या. म्हणून तालीम सर्वज्ञ होती असे आम्ही म्हणणार नाही. दुखऱ्या गुडघ्याने पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावणारे वस्तादही आम्ही पाहिले आहेत. डीलॉर्मचा धडा होता तो मोजून वाढवण्याचा.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही आता घाई कमी झाली आहे. गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध तुटणे हे कबड्डी-फुटबॉलमधले मोठे संकट. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर एक काटेकोर तुलना झाली. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम; उरलेल्यांना आधी व्यायाम, गरज वाटली तरच शस्त्रक्रिया. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनी दोन्ही गट सारख्याच स्थितीत होते. व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागली. निम्म्यांना लागली नाही.

टॉमस बरोबर असतात तेव्हा

इतके सांगितल्यावर कुणी प्रत्येक लंगडणाऱ्या मुलाला व्यायामाला लावू नये. इथे शिक्षकांची नजर फार मोलाची आहे, कारण मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्यासमोर असते.

दहा ते सोळा वर्षांच्या वाढत्या मुलांत मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या कूर्चेवरून सरकण्याचा एक विकार होतो. दोष खुब्यात, पण मूल हात लावते गुडघ्याला, कारण दोन्ही सांध्यांना एकाच चेतातंतूच्या शाखा जातात. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो, ‘काही नाही, वाढीचे दुखणे’ असे म्हणून घरी पाठवले जाते, आणि हाड सरकत राहते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे असे तीन महिने गेले. गुडघा दुखतो म्हणणारा मुलगा लंगडत असेल, पाऊल बाहेर वळवून चालत असेल, तर खुबा तपासला गेलाच पाहिजे, आणि तोवर त्याने पायावर भार देऊ नये. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, न उतरणारी सूज, घटणारे वजन, यांचाही अर्थ वेगळा असतो. सांध्याचा क्षय आपल्याकडून अजून गेलेला नाही. अशा वेळी टॉमसचा जुना नियमच खरा, आता सोबत औषधे आहेत एवढाच फरक. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबले की कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा.

याउलट गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर दुखरा उंचवटा येणे हे वाढत्या खेळाडू मुलांत नेहमीचे. बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लाटर यांनी १९०३ मध्ये वेगवेगळे त्याचे वर्णन केले. यात खेळ कायमचा बंद करण्याचे कारण नसते. उड्या काही आठवडे कमी करायच्या, मांडीची ताकद हळूहळू वाढवायची. किती वाढवायची याला एक सोपी कसोटी आहे : व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीइतके उतरले पाहिजे. नाही उतरले तर मागच्या पायरीवर जा.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. ज्या साथीने परळची शाळा जन्माला घातली ती ओसरली, पण शाळेला काम कमी पडलेले नाही. गोपाळकाल्याला जखमी गोविंदा केईएममध्ये येतात, मुंबई मॅरेथॉनचा सराव करणाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, मॅटवर गेलेल्या कबड्डीचे खेळाडू आहेतच. त्यांना मैदानात केव्हा सोडायचे हे ठरवण्याची एक कसोटी शाळेच्या पटांगणातही करता येते. दुखणे आणि सूज पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी उड्या मारायला परवानगी दिल्यावरच ती करावी. खडूने एक रेघ आखा. मुलीला चांगल्या पायावर उभे राहून, त्याच पायाने लांब लंगडी उडी मारून त्याच पायावर स्थिर थांबायला सांगा. टेपने अंतर मोजा. तीन उड्यांतली सर्वांत लांब धरा. मग दुखावलेल्या पायाने तेच. चांगल्या पायाची उडी १२० सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्या पायाची १०८ तरी हवी, म्हणजे शंभरातले नव्वद. उतरताना गुडघा आत वळतो का, हे समोर बसून पाहायला विसरू नका.